मस्कोकातील सार्वजनिक डॉक पाहुण्यांना वापरता येतात का? उन्हाळ्यातील गर्दीविषयी काय जाणून घ्यावे?

आपला प्रश्न असा आहे : टोरांटो परिसरातील चार मराठी कुटुंबे ऑगस्टच्या पहिल्या लाँग वीकेंडला मस्कोकात, म्हणजे टोरांटोच्या उत्तरेकडील सरोवरांच्या प्रदेशात, कॉटेज (सुट्टीचे घर) भाड्याने घेत आहेत, भारतातून आलेले आईवडील सोबत आहेत, आणि एक मोटरबोटही भाड्याने घ्यायचा विचार आहे. तेव्हा तिथले सार्वजनिक डॉक, म्हणजे बोटी लावण्याचे धक्के, बाहेरच्या माणसांना वापरता येतात का, बोट तिथे रात्रभर बांधून ठेवता येते का, आणि स्थानिकांना पाहुणे नकोसे झाले आहेत असे जे ऐकू येते ते कितपत खरे आहे? मी मस्कोकातल्याच ब्रेसब्रिज गावाजवळ बारमाही राहते, त्यामुळे या तिन्ही गोष्टी दर उन्हाळ्यात पाहते.

डॉक वापरण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि तो बजावताना संकोच करण्याचे कारण नाही. रात्रभर बोट बांधून ठेवणे मात्र बहुतेक सार्वजनिक डॉकवर चालत नाही. आणि नाराजी खरी आहे, पण ती पाहुण्यांच्या येण्याबद्दल जितकी आहे त्याहून अधिक ती डॉकच्या वापराबद्दल आहे. पाहुण्याला डॉक ही बसण्याची, पोहण्याची, फोटो काढण्याची जागा वाटते. इथल्या कित्येक घरांसाठी तो घराकडे जाणारा रस्ता आहे. तो एसटीच्या थांब्यासारखा वापरावा : यावे, माणसे आणि सामान चढवावे-उतरवावे आणि पुढच्याला जागा करून द्यावी.

हे असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मस्कोका, रोसो आणि जोसेफ ही इथली तीन मोठी सरोवरे. १८६६ साली ए. पी. कॉकबर्न यांनी ‘वेनोना’ ही आगबोट मस्कोका सरोवरात सोडली, १८७१ मध्ये पोर्ट कार्लिंग इथले लॉक (बोटींना एका पातळीच्या पाण्यातून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजे) तयार होऊन मस्कोका आणि रोसो ही सरोवरे जलमार्गाने जोडली गेली आणि १८७५ मध्ये रेल्वे ग्रेव्हनहर्स्टपर्यंत आली. (पोर्ट कार्लिंग आज जिथे आहे तिथे त्यापूर्वी अनिशिनाबे या मूलनिवासी लोकांचे ओबाजेवानुंग नावाचे गाव होते आणि वसाहतीसाठी त्यांना तिथून हलवण्यात आले, हेही इथे येणाऱ्याला ठाऊक असावे.) टोरांटोहून आलेला प्रवासी रेल्वेतून उतरून आगबोटीत बसे आणि आगबोट त्याला हॉटेलाच्या किंवा खेड्याच्या धक्क्यावर सोडी. टपाल, पीठ, सरपण, पाहुणे, सारे काही या धक्क्यांवरूनच ये-जा करीत असे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आगबोटींची नियमित वाहतूक बंद पडली आणि मोटारीचे रस्ते काठापर्यंत आले, पण बेटे बेटेच राहिली. आजही ज्यांचे कॉटेज बेटावर आहे, किंवा काठावर असूनही जिथे रस्ता पोहोचत नाही, त्यांना गाडी मुख्य किनाऱ्यावर ठेवून उरलेले अंतर स्वतःच्या बोटीनेच काटावे लागते. खासगी मरीनामध्ये, म्हणजे बोटी ठेवण्याच्या सशुल्क तळावर, जागा विकत घेणे प्रत्येकाला परवडत नाही, म्हणून नगरपालिकेचा डॉक हाच त्यांचा आधार असतो.

जुलैमधल्या एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता असा डॉक पाहावा. गाड्यांची रांग वळणापर्यंत गेलेली असते. एक बाई दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या घेऊन फळ्यांवरून चालत असते, तिच्या मागे मुलगा आइसबॉक्स ओढत असतो, एक सुतार लाकडाच्या लांब पट्ट्या आपल्या सपाट तळाच्या बोटीत रचत असतो, आणि प्रोपेनचा सिलिंडर कोणीतरी छातीशी धरून हळूहळू खाली उतरवत असते. डॉकच्या कडेला फारतर चार-पाच बोटी लागतील एवढीच लांबी. त्यातली मधली जागा भाड्याच्या पाँटून बोटीने (पोकळ नळकांड्यांवर तरंगणारी सपाट बोट) अडवलेली आहे, तिचे मालक वर गावात आइस्क्रीम खायला गेले आहेत, आणि एक वयस्कर जोडपे आपल्या छोट्या बोटीत इंजिन चालू ठेवून, वाऱ्याने वाहत जाऊ नये म्हणून पुनःपुन्हा मागेपुढे करत जागा रिकामी होण्याची वाट पाहत आहे. अंधार पडायच्या आत त्यांना बेटावर पोहोचायचे असते. आइस्क्रीम खाणाऱ्यांच्या मनात काहीच वाईट नसते. त्यांना हे कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून मी इतक्या विस्ताराने लिहीत आहे.

आता हक्काविषयी, कारण तेही तितकेच महत्त्वाचे आहे. ओंटारिओत सरकारी मोजणी झाली तेव्हा अनेक सरोवरांच्या काठाने ६६ फूट रुंदीची, म्हणजे मोजणीदाराच्या एका साखळीएवढी पट्टी सार्वजनिक रस्त्यासाठी राखून ठेवण्यात आली. पाण्यापर्यंत जाणारे रस्तेही त्याच मापाने आखले गेले. काठाची पट्टी पुढे पुष्कळ ठिकाणी नगरपालिकांनी बंद करून शेजारच्या मालकांना विकली, त्यामुळे आज कोणत्याही काठावर उतरून ‘ही जागा सर्वांची आहे’ असे म्हणता येत नाही. पण पाण्यापाशी संपणारे कित्येक रस्ते अजून सार्वजनिकच आहेत, आणि अनेक लहान डॉक व बोट उतरवण्याचे उतार अशाच रस्त्यांच्या टोकाला आहेत. काही ठिकाणी शेजारच्या कॉटेजवाल्याने हळूहळू झुडपे लावून, दगड ठेवून किंवा ‘खासगी’ अशी पाटी ठोकून तो रस्ता आपलासा केलेला असतो. मला याची मनापासून चीड येते, कारण काठाचा बहुतांश भाग आधीच खासगी मालकीचा आहे आणि ज्याच्याजवळ कॉटेज घेण्याचे पैसे नाहीत त्याला सरोवरापर्यंत पोहोचण्याच्या उरलेल्या वाटा एवढ्याच आहेत. शंका आली तर पाटीवर विश्वास ठेवण्याऐवजी त्या नगरपालिकेच्या कार्यालयात विचारावे. कोणता रस्ता सार्वजनिक आहे याची नोंद त्यांच्याकडे असते. जागेवर वाद मात्र घालू नये.

वेळेची मर्यादा आणि रात्रीची मनाई डॉकवरच्या पाटीवर लिहिलेली असते. प्रत्येक नगरपालिकेचे नियम वेगळे असल्यामुळे ती पाटी वाचणे हाच खात्रीचा उपाय आहे. रात्री बोट ठेवण्यासाठी तुमच्या कॉटेजचा स्वतःचा डॉक असला पाहिजे, आणि तिथे पाणी किती खोल आहे, भाड्याची बोट लागेल का, हे आरक्षण करतानाच मालकाला विचारून घ्यावे. बोट डॉकला लावण्याआधी दोन्ही फेंडर (बोट डॉकवर आपटू नये म्हणून बाजूला लटकवायच्या गाद्या) बाहेर सोडावेत आणि दोर हातात तयार ठेवावा. शक्य तेव्हा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सावकाश यावे. वारा मग ब्रेकचे काम करतो. डॉक आणि बोट यांच्यामध्ये पाय किंवा हात घालून बोट थोपवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, कारण हलक्या वाटणाऱ्या पाँटूनचे वजनही एक टनाच्या आसपास असते.

सार्वजनिक डॉकवरून पोहायला उतरू नये. बोटींचे पंखे तिथे सतत फिरत असतात, आणि ज्या डॉकवर वीज जोडलेली असते तिथे वायरिंगमधील दोषामुळे पाण्यात प्रवाह उतरण्याचा धोकाही असतो. मुलांना खेळायचे असेल तर ग्रेव्हनहर्स्ट, ब्रेसब्रिज आणि पोर्ट कार्लिंग परिसरात नगरपालिकेचे स्वतंत्र बीच आहेत, तिथे जावे. आपल्याकडची पुष्कळ मोठी माणसे पोहायला शिकलेली नसतात, आणि हे खडकाळ तळाचे पाणी काठापासून काही पावलांवर एकदम खोल होते. ही गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला पुनःपुन्हा सांगते.

बोट चालवणाऱ्याकडे, ती इंजिनावर चालणारी असेल तर, प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड असावे लागते. भाड्याच्या बोटीच्या बाबतीत बोट देणारा तुमच्याबरोबर सुरक्षिततेची एक यादी भरतो आणि ती भाड्याच्या मुदतीपुरती कार्डाच्या जागी चालते. ती घाईने सही करून मोकळे होण्याची गोष्ट नाही. प्रत्येक माणसाच्या मापाचे लाइफ जॅकेट बोटीत असणे कायद्याने आवश्यक आहे. माझ्या मते आईवडिलांनी आणि मुलांनी ते अंगावरच घालावे, कारण पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही. ओंटारिओत काठापासून ३० मीटरच्या आत वेग ताशी १० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा असा नियम आहे. यामागचे कारण काठावर उभे राहिल्यावर समजते : मोठ्या बोटीची लाट डॉकला बांधलेल्या बोटी आपटवते, काठाची माती खाते, आणि कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर जो लून पक्षी आहे त्याची घरटी अगदी पाण्याच्या पातळीवर असल्यामुळे ती बुडवते. उघड्या मोटरबोटीत मद्यपान कोणीही करू नये, प्रवाशांनीही नाही. आणि नशेत बोट चालवल्यास गाडीच्या परवान्यावरही परिणाम होतो.

स्वतःची बोट किंवा कयाक टोरांटोकडून आणणार असाल, तर २०२२ पासून लागू झालेला नियम लक्षात ठेवावा. बोट एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेण्यापूर्वी तळाची बुचे काढून पाणी सोडून देणे आणि चिकटलेल्या वनस्पती काढणे बंधनकारक आहे. झेब्रा शिंपल्यांसारखे परके जीव असेच पसरतात. हे काम पार्किंगमध्ये करावे, उतारावर नव्हे. सामान भरणे, पट्टे सोडणे आणि पुन्हा बुच बसवणेही रांगेत लागण्यापूर्वी उरकावे, म्हणजे उतारावर तुमचा वेळ फक्त बोट पाण्यात सरकवण्यापुरता जाईल.

रस्त्याचे म्हणाल तर टोरांटो ते ग्रेव्हनहर्स्ट हे अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे आणि रिकाम्या रस्त्यावर दोन तासांत पार होते, पण लाँग वीकेंडच्या शुक्रवारी दुपारनंतर दुप्पट वेळ धरावा. हायवे ४०० बॅरीपर्यंत तुंबतो, आणि त्यापुढे हायवे ११ वर दोन्ही दिशांच्या मध्ये कठडा असून पेट्रोलपंप व दुकाने थेट रस्त्यालगत आहेत, त्यामुळे चुकलेले वळण लगेच सुधारता येत नाही. ओरिलियाच्या उत्तरेला वेबर्स या बर्गरच्या दुकानापाशी लोक हायवे ओलांडू लागल्याने तिथे पादचारी पूलच उभारावा लागला. थांबायचे असेल तर तो पूल वापरावा. पुढे हायवे ११८ वर पोर्ट कार्लिंगचा पूल मोठ्या बोटींसाठी उघडतो आणि तेवढा वेळ गाड्या थांबतात. किल्ली शुक्रवारीच मिळणार असेल तर पहाटे निघून ब्रेसब्रिजला धबधबा पाहत दुपार काढणे सर्वांत सुखाचे. परतीसाठी सोमवारी सकाळी लवकर निघावे.

डॉककडे जाणारे रस्ते अरुंद असतात आणि कडेला गाडी लावल्यास अग्निशमनाची गाडी किंवा रुग्णवाहिका पुढे जाऊ शकत नाही. दंडाच्या चिठ्ठ्या त्यासाठी लागतात. चार कुटुंबांनी चार गाड्या डॉकपाशी न्यायची गरज नाही. माणसे एका गाडीतून सोडून ती गाडी कॉटेजवर परत न्यावी. कॉटेजचा ९११ क्रमांक, म्हणजे आणीबाणीत मदत बोलावताना सांगायचा घराचा क्रमांक, जो रस्त्यालगतच्या पाटीवर असतो, तो कागदावर लिहून दाराशी लावावा, कारण अनेक ठिकाणी फोनला रेंज मिळत नाही आणि पत्ता फोनवर शोधता येत नाही.

नाराजीबद्दल शेवटी माझे मत सांगते. मस्कोका जिल्ह्याची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ६६ हजार होती, आणि उन्हाळी रहिवासी धरल्यास ती दुपटीच्या वर जाते. भाड्याने येणारे आणि दिवसापुरते येणारे त्याहून निराळे. एवढ्या लोकांसाठी डॉक, स्वच्छतागृहे आणि पार्किंग आगबोटींच्या काळातल्या खेड्यांना साजेल इतकेच आहे. लोक वाढले की फलक आणि दंड वाढवायचे, हा उपाय मला अपुरा वाटतो. ज्या डॉकवर दर शनिवारी शंभर माणसे येणार हे ठाऊक आहे तिथे स्वच्छतागृह बांधणे हे नगरपालिकेचे काम आहे. पाहुण्यांच्या खर्चावरच इथली दुकाने उन्हाळ्यात कमावतात आणि हिवाळा काढतात, हे इथले बहुतेक जण जाणतात. डॉकवर ‘आम्ही दहा मिनिटांत निघतो, तुम्हाला आधी लावायची आहे का?’ असे विचारलेत तर पुढची दोरी धरायला तेच लोक हात पुढे करतील. कचऱ्याची पिशवी मात्र डॉकपाशी कधीही ठेवू नका, रात्री अस्वले येतात.

आईवडिलांना हलत्या लहान बोटीत चढणे अवघड वाटत असेल तर त्यांच्यावर आग्रह करू नका. ग्रेव्हनहर्स्टच्या धक्क्यावरून ‘सेगवन’ ही १८८७ साली बांधलेली, कोळशावर चालणारी आगबोट उन्हाळ्यात अजूनही प्रवाशांना सरोवरात नेते. तिच्यात चढायला सरळ फळी असते, आत बसायला खुर्च्या असतात. लाँग वीकेंडची तिकिटे लवकर संपतात, म्हणून ती कॉटेजबरोबरच आरक्षित करावीत.