आजोबांबरोबर नदीवर पाठवू का?

प्रश्न : माझे सासरे निवृत्त झाल्यापासून पुन्हा गळ घेऊन नदीवर जायला लागलेत. नऊ वर्षांचा मुलगा आणि अकरा वर्षांची मुलगी, दोघंही त्यांच्या मागं लागलीत. मला पाण्याची भीती वाटते. त्यात सासूबाई म्हणतात, नातवाला न्या हवं तर, पोरीच्या जातीला गळ कशाला? काय करू? – एक वाचक, कराड

उत्तर : पाठवा, आणि दोघांनाही पाठवा. भीती वाटते तेही बरोबरच आहे, त्यावर पुढं सांगते.

मी हरिपूरची. हळद साठवायच्या पेवांचं, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यांचं गाव. संगमेश्वराच्या देवळापाशी उभं राहिलं की वारणा कृष्णेला मिळताना दिसते. मला गळ शिकवला थोरल्या आप्पांनी, माझ्या चुलत्यांनी. शिकवला म्हणजे काय, तर पहिला अख्खा उन्हाळा त्यांनी माझ्या हातात गळ दिलाच नाही. वेळूची काठी दिली, तिला तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा बांधला, तंगूसाला जोंधळ्याच्या ताटाचं, पाण्यावर तरंगणारं भेंड अडकवलं, आणि खाली गळ नाही, नुसता गांडुळाचा तुकडा दोऱ्यानं बांधलेला. मी रडकुंडीला आले. आप्पा म्हणाले, "आदी भेंड वाचाय शीक. मासं धरायचं मग बघू."

आणि खरंच ते वाचायचंच असतं. चिलापी आली की भेंड टुकटुक नाचतं, शाळेतल्या चुळबुळ्या पोरासारखं. वाम असली तर नाचत बिचत नाही, भेंड आडवं सरकायला लागतं, कुणी खालून हळूच ओढत न्यावं तसं. मरळीचं काम एकदम. आत्ता भेंड होतं, आत्ता नाही. पोटरीएवढ्या पाण्यात मांडी घालून बसल्यासारखी मी दगडावर बसायची आणि ओरडायची, "आप्पा, वाम!" ते मान हलवायचे नाहीतर "चिलापी हाय, गप बस" म्हणायचे. जून लागेपर्यंत माझं दहात सात वेळा बरोबर यायला लागलं, तेव्हा कुठं गळ मिळाला.

तुमच्या मुलांचे आजोबा असंच करतील की नाही, मला माहीत नाही. पण पहिले चार-सहा दिवस गळाशिवाय काढा म्हणून त्यांना जरूर सुचवा. नंतर गळ देतील तेव्हा त्याचा टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करायला सांगा. मासे जास्त निसटतील, निसटू देत. माझ्या तळव्यात एकदा गळ घुसला होता. आप्पांनी ओढला नाही. तंगूस कापला, हातावर उपरणं गुंडाळलं आणि सायकलवर पुढं बसवून सांगलीला डॉक्टरकडं नेलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेताना मी जेवढी रडले, तेवढी गळ लागताना रडले नव्हते.

आता पाण्याचं. कराडला कोयना कृष्णेला मिळते, म्हणजे तुमच्या नदीवर वरच्या दोन-दोन नद्यांचा हुकूम चालतो. आभाळ निरभ्र असतं आणि धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून पाणी सोडलेलं असतं. काठावर बसलेल्याला ते समजत नाही. आप्पा बसायच्या आधी पाण्याच्या कडेला एक काटकी रोवायचे. गप्पा चालू असोत, मासा लागलेला असो, त्यांची नजर दर थोड्या वेळानं त्या काटकीवर. काटकीचं बूड भिजलं की सामान उचलायचं. मासा गळाला असला तरी. "पोरी, पान्याकडं पाठ करू नगंस" हे वाक्य मी त्यांच्याकडून शेकड्यानं ऐकलं असेल. पावसाळ्यात तर मुलांना नेऊच नका. सांगलीला आयर्विन पुलापाशी चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट धोका पातळी; आमच्याकडची लहान पोरंसुद्धा ऑगस्टात हे आकडे पाढ्यासारखे म्हणतात, २०१९ च्या महापुरापासून तर जास्तच.

वाढत्या पाण्यापेक्षाही मला आजची एक गोष्ट जास्त भिववते, ती म्हणजे वाळू उपशाचे खड्डे. आप्पांच्या काळी पात्र उतरतं होतं, पाऊल पाऊल खोल जायचं. आता घोट्याएवढ्या पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्यावर पाणी. म्हणून मुलांना पोहता येत असलं तरी पाण्यात उतरू द्यायचं नाही. काठावर बसतानाही लाइफ जॅकेट घाला. आम्ही पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो, त्याचं कौतुक मला कुणी सांगू नये, जॅकेट बरं.

सासूबाईंचं राहिलं. आप्पांना गळ बांधायला कुणी शिकवलं असेल? आजीनं. तिचं माहेर वारणाकाठचं. शेजारच्या बायका मिळून जुन्या लुगड्याची दोन टोकं धरायच्या आणि ओढ्यातून बारीक मासोळी गाळून काढायच्या. गळही तिला येत होता. तंगूसाची गाठ आवळण्याआधी ती थुंकीनं ओली करायची. कोरडी आवळली तर घासून तापते आणि तिथंच तुटते, हे तिनं कुठल्या शाळेत शिकलं, देव जाणे. मरळ बुळबुळीत, हातात ठरत नाही. आजी ती चुलीच्या राखेत घोळवून धरायची. तिच्या हातचं कालवण आप्पा मिटक्या मारत खायचे आणि "गळ बायकांचा नव्हं" असं कधी चुकूनही म्हणाले नाहीत. सासूबाईंना हे माझ्या नावानं सांगा. नाहीच ऐकलं तर त्यांनाही एक दिवस नदीवर न्या.

एक गोष्ट मात्र मुलांना आजोबांच्या आधी तुम्ही सांगा. पाण्यावर लालसर पिलांचा झुबका एकत्र वर-खाली होताना दिसला, तर तिथं गळ टाकायचा नाही. ती मरळीची पिलं. खाली नर-मादी दोघंही राखणीला असतात. ते गेले की उरलेल्या माशांची मेजवानी. आप्पा असा झुबका दिसला की जागाच बदलायचे. आणि नदीत पांढऱ्या पोटानं उलटे मासे तरंगत असतील तर कितीही मोठे असले तरी घरी आणायचे नाहीत. पाण्यात विष किंवा साखर कारखान्याची मळी आल्यावर असं होतं. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारायला तर १८९७ पासून कायद्यानंच बंदी आहे. आमच्याकडं डोहात सुरुंग उडाल्याचा आवाज आला की आप्पा त्या दिवशी जेवायचे नाहीत. हे जरा जास्तच होतं, पण होतं.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या द्राक्षबागेच्या शेततळ्यात मी गळ टाकतो. आमिष दर वेळी खाल्लं जातं, मासा लागत नाही. गळ बदलू का? – एक विद्यार्थी, तासगाव तालुका

उत्तर : बाळा, तुझ्या तळ्यात चिलापी असणार. त्यातले बारके मासे आमिषाचं टोक कुरतडून पळतात. गळ लहान घे आणि गांडूळ आख्खं लोंबतं ठेवू नकोस, टोक जेमतेम वळवळेल एवढंच बाहेर ठेव. चिलापीची गंमत बघ. १९५२ मध्ये आफ्रिकेतला हा मासा भारतात आणला गेला. मादी अंडी आणि पिलं तोंडात सांभाळते, तेवढे दिवस खाणं जवळजवळ सोडून देते. अशी मादी चुकून हाताला लागली तर ती पिलं तोंडातून बाहेर टाकते. टाकली तर तिला लगेच पाण्यात सोड.

पण मला गळापेक्षा तुझ्या तळ्याचीच काळजी आहे. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असेल तर उतार निसरडा असतो. आत घसरलेल्याला, पोहता येत असलं तरी, वर चढता येत नाही. काठाच्या खुंटीला गाठी मारलेला दोर आत सोडलेला आहे का? नसेल तर आज संध्याकाळी वडिलांना घेऊन तो बांध. चारही बाजूंना बांध. तो बांधल्याशिवाय आणि घरचं मोठं माणूस सोबत असल्याशिवाय तळ्यावर जाऊ नकोस. नंतर मला लिही, मग पेंडेच्या गोळ्याचं आमिष कसं करायचं ते सांगते.