परदेशात भारतीय पर्यटकांची प्रतिमा खरंच वाईट आहे का?

काही ठिकाणी आहे, उगाच नाकारू नये. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ग्श्टाडच्या एका हॉटेलने खास भारतीय पाहुण्यांसाठी सूचना लावली होती: नाश्त्याच्या बुफेतून खाणं बांधून नेऊ नका, कॉरिडॉरमध्ये हळू बोला. सगळ्यांना एकाच मापानं मोजलं म्हणून मलाही राग आला होता.

पण मी साताऱ्याचा. सप्टेंबरात कासला पुण्या-मुंबईच्या गाड्या दिसल्या की आम्हीही म्हणतोच, "आले फुलं तुडवायला!" गेल्या हंगामात फुलांच्या मधोमध फतकल मारून फोटो काढणाऱ्या दोघांवर राखणदार शिट्ट्या फुंकून दमला. जवळ जाऊन बघतो तर आमच्याच आळीतले! मला बघून वर हातही केला.