पिकअप खाली बसवायची, पण चाल बिघडू द्यायची नाही

या वेळच्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे: जुन्या अमेरिकन पिकअपचं स्प्रिंग काढून त्या जागी एअर बॅग बसवणं. अमेरिकेतल्या मराठी वाचकांमध्ये शेवरले सी-१० बाळगणारे बरेच निघाले. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्प्रिंगऐवजी रबराची, बहुधा दोन फुगे एकावर एक ठेवल्यासारखी बॅग असते. हवा भरली की गाडी उठते, सोडली की चासी जमिनीलगत बसते. शिवनेरी बसच्या चाकांवर स्टेशनात जो ‘फुस्स’ आवाज येतो, त्यामागे हेच तत्त्व. मोटारींत ते नवंही नाही. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅममध्ये कारखान्यातूनच हवेचं सस्पेन्शन येत होतं, आणि १९५८ मध्ये शेवरलेनेही ते देऊ केलं होतं. तेव्हा गळतीने ते मागे पडलं. आजही सर्वाधिक पत्रं गळतीचीच येतात.

प्रश्न: १९६९ ची सी-१०, शॉर्ट बेड (मागचा हौदा आखूड). पुढे-मागे कॉइल स्प्रिंग आहेत. बॅगा ‘२५००’ आणि ‘२६००’ अशा आकड्यांनी विकल्या जातात. कोणती घ्यावी आणि सुरुवात कुठून करावी? (ह्यूस्टन)

उत्तर: सुरुवात वजनकाट्यापासून करा. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वजन वेगवेगळं घ्या, टाकी भरलेली आणि बेड रिकामा ठेवून. बॅग त्यानंतर निवडायची.

‘२५००’ म्हणजे १०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाला ती बॅग साधारण २५०० पौंड पेलते, म्हणजे तिचं उपयोगी क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस इंच. आता तुमच्या पुढच्या एका चाकावर ११०० पौंड येतात असं धरू. चाक, ब्रेक, स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो भाग) यांचे शंभरेक पौंड स्प्रिंगवर येत नाहीत, ते वजा केले की १००० उरले. पण बॅग चाकाखाली नसते, ती लोअर आर्मच्या (चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांडीच्या) मध्याजवळ असते. आर्मच्या बिजागरीपासून बॅगेच्या मध्यापर्यंतचं अंतर भागिले बिजागरीपासून बॉल जॉइंटपर्यंतचं (आर्म आणि स्पिंडल यांच्यातल्या सांध्यापर्यंतचं) अंतर, हे टेपने मोजा. ते ०.५५ निघालं तर बॅगेवर १००० भागिले ०.५५, म्हणजे सुमारे १८२० पौंड येतात. २५ ने भागा: ७३ पीएसआय. पुढच्या बाजूला चालवताना ६० ते ९० पीएसआय लागणं ठीक आहे, म्हणजे पुढे २५०० पुरते. वजनदार बिग ब्लॉक इंजिन असेल आणि उत्तर ९० च्या वर जात असेल, तर २६०० घ्या.

मागे उलटी अडचण येते. रिकाम्या बेडची मागची बाजू हलकी. एका बाजूला ५५० पौंड स्प्रिंगवर येत असतील आणि बॅग थेट एक्सलवर असेल, तर २२ पीएसआयला गाडी तरंगते. इतक्या कमी दाबावर बॅग लिबलिबीत राहते, नीट घडी पडत नाही, आणि वळणावर मागचा भाग डुलतो. म्हणून मागे लहान व्यासाची किंवा सरळ नळीच्या आकाराची स्लीव्ह बॅग घ्यावी, किंवा बॅग एक्सलच्या पुढे ट्रेलिंग आर्मवर (एक्सलला चासीशी जोडणाऱ्या लांब दांडीवर) आणावी. ४८ इंचांच्या आर्मवर बिजागरीपासून ४० इंचांवर बॅग ठेवली की तिच्यावर १.२ पट भार येतो आणि दाब आपोआप वाढतो. चारही कोपऱ्यांना एकच बॅग देणारा संच स्वस्त पडतो, पण मागच्या बाजूला तो क्वचितच योग्य असतो.

पुढचं काम करताना सर्वांत जपायचं ते कॉइल काढताना. दाबलेल्या कॉइलमध्ये हात तोडण्याइतका जोर असतो. चासी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, लोअर आर्मखाली जॅक लावा, कॉइलमधून साखळी ओवून ती चासीला बांधा. शॉकअप आणि अँटी-रोल बारची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीची) लिंक काढा. लोअर बॉल जॉइंटची नट पूर्ण काढू नका. चार-पाच आटे सैल करून स्पिंडलवर बाजूने हातोडा मारा. टेपर (निमुळता घट्ट जोड) सुटल्याचा ‘टक’ आवाज येईल, मगच जॅकने आर्म थोडा वर धरून नट काढा आणि जॅक हळूहळू खाली घ्या.

बॅगेची वरची आणि खालची प्लेट चालवण्याच्या उंचीवर समांतर हवी, दोघींचे मध्य एका रेषेत हवेत. पूर्ण खाली बसल्यावर थोडा तिरकेपणा चालतो. दोन फुग्यांच्या २५०० बॅगेला ही उंची ५ इंचांच्या आसपास धरतात, आणि दबून ती ३ इंचांजवळ येते. भरलेल्या बॅगेभोवती सर्व बाजूंनी किमान अर्धा इंच जागा मोकळी हवी, एक इंच असेल तर उत्तम. कॉइलची जागा बॅगेला अपुरी पडते, म्हणून शॉकअप बाजूला हलवावा लागतो. त्याची कंस-पट्टी संचात नसेल तर तो संच घेऊ नका. शॉकअप न लावता ‘बॅगच पुरे’ म्हणणारे भेटतील. बॅग वजन पेलते, उसळी थांबवत नाही. शिवाय हालचाल रबरी स्टॉपरने थांबली पाहिजे, बॅगेच्या किंवा शॉकअपच्या टोकाने नव्हे.

बॅगेचे ३/८ इंची बोल्ट १५ ते २० फूट-पौंडांपेक्षा जास्त आवळू नका, आतली नट फिरते आणि बॅग वाया जाते. बाहेर काढलेली मोकळी बॅग भरून पाहू नका. आणि बॅग जागेवर असताना वेल्डिंग नको. एक ठिणगी रबरात शिरली की भोक आज दिसणार नाही, दोन महिन्यांनी फुटेल. १९६७-७२ च्या सी-१० ला पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटमागे असते. वेल्डिंगआधी ती बाहेर काढा. यात सवलत घेऊ नका.

शेवटी अलाइनमेंट चालवण्याच्या उंचीवरच करा. वरच्या आर्मच्या शाफ्टमागचे शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून कॅम्बर-कॅस्टर, म्हणजे चाकाच्या कलाचे कोन, जुळतात. गाडी नेहमी फार खाली चालवायची असेल तर सगळी घट बॅगेकडून घेऊ नका. अडीच इंची ड्रॉप स्पिंडल (चाक चासीच्या तुलनेत वर बसवणारे) घातले की आर्मचे कोन न बिघडता तेवढी उंची कमी होते.

प्रश्न: १९७१ ची सी-१०. मागे बॅगा घातल्या. गाडी वर-खाली केली की मागचा एक्सल बाजूला सरकतो, आणि खाली असताना एकाच बाजूचा टायर मडगार्डला घासतो. चासी वाकडी आहे का? (सॅन होजे)

उत्तर: बहुधा नाही. दोष पॅनहार्ड रॉडमध्ये आहे. तुमच्या गाडीत दोन लांब ट्रेलिंग आर्म एक्सलला पुढे-मागे धरतात, आणि बाजूला सरकू न देण्याचं काम एकच आडवा रॉड करतो. त्याचं एक टोक चासीला, दुसरं एक्सलला. एक्सल वर-खाली होताना रॉडचं टोक कमानीत फिरतं आणि एक्सलला आपल्याबरोबर ओढतं. मूळ स्प्रिंगवर हालचाल थोडी असल्याने ते जाणवत नाही.

आकड्यांत पाहा. रॉड २० इंच आणि चालवण्याच्या उंचीवर अगदी आडवा असेल, तर एक्सल ५ इंच हलल्यावर तो बाजूला ०.६४ इंच सरकतो. तोच रॉड ३६ इंच असेल तर फक्त ०.३५ इंच. पण २० इंची रॉड चालवण्याच्या उंचीवरच ३ इंचांनी तिरका असेल, तर पुढच्या त्याच ५ इंचांत तो जवळजवळ दीड इंच सरकवतो. तुमचा टायर इथेच घासतो आहे. म्हणजे लांबी वाढवण्याइतकंच रॉड आडवा करणं महत्त्वाचं.

शक्य तितका लांब, दोन्ही टोकांना आटे असलेला रॉड घ्या. गाडी चालवण्याच्या उंचीवर उभी करा, चासीच्या दोन्ही बाजूंना ओळंबा सोडून टायरपर्यंतचं अंतर मोजा, ते सारखं होईपर्यंत रॉड फिरवा. चासीकडचं टोक खाली आणायला लागणारी कंसपट्टी भक्कम हवी, कारण वळणावरचा सगळा आडवा जोर त्या एका बोल्टवर येतो.

हे करतानाच पिनियनचा (प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो त्या डिफरन्शियलच्या नाकातल्या शाफ्टचा) कोनही पाहून घ्या. सुमारे ४ फुटांचा ट्रेलिंग आर्म एक्सलच्या ५ इंच हालचालीत ६ अंश फिरतो, आणि एक्सल यू-बोल्टने त्याला जखडलेला असल्याने डिफरन्शियलचं नाकही तेवढंच फिरतं. चालवण्याच्या उंचीवर गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर असावेत, फरक एका अंशाच्या आत. तो आर्म आणि एक्सल यांमध्ये पाचर घालून साधतात. ताशी ५०-६० मैलांवर सीटखाली घरघर जाणवत असेल, तर बॅगेला दोष देण्याआधी हा कोन तपासा.

प्रश्न: १९७९ च्या सी-१० ला मागे पाटे (पट्ट्यांचे स्प्रिंग) आहेत. पाटे तसेच ठेवून वर बॅग घालता येईल का? कुणी सांगतं, मुख्य पाटा ठेवा आणि बाकीचे काढा. (न्यू जर्सी)

उत्तर: पाट्यावर बॅग घालता येते, पण ती मदतनीस बॅग. माल भरल्यावर मागची बाजू उचलेल, गाडी खाली आणणार नाही.

एकच पाटा ठेवण्याचा सल्ला ऐकू नका. १९७३ नंतरच्या या गाडीत पाटे वजन तर पेलतातच, शिवाय एक्सलला पुढे-मागे, आडवा आणि फिरण्यापासूनही धरतात. एकटा पाटा ब्रेक दाबताच इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, डिफरन्शियलचं नाक फिरतं, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट जातात. पाटा तुटला तर एक्सल मोकळा होतो. पाटे काढायचे तर त्यांची तिन्ही कामं करणारी व्यवस्था हवी: चार दांड्यांचा फोर-लिंक. चारही समांतर असतील तर पॅनहार्ड रॉड लागतो. वरच्या दोन दांड्या तिरक्या असतील तर लागत नाही.

आणि चासीला एक्सलवर नॉच (वरच्या दिशेने खाच) करावा लागेल, नाहीतर खाली बसताना एक्सल चासीवर आपटतो. बेड काढा, चासी समतल घोड्यांवर ठेवून कर्णांची मापं लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू कापा. ६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा नॉच कापाच्या दोन्हीकडे किमान ४ इंच पुढे जाऊ द्या आणि टोकं तिरपी ठेवा. चासीला सरळ उभ्या रेषेत छेदणारं वेल्डिंग केलं की तडा नेमका त्या रेषेवर जातो. डावीकडच्या चासीवरून जाणारी ब्रेकची नळी आधीच सोडवून ठेवा, आणि एक्सल पूर्ण लोंबकळला तरी रबरी ब्रेक-पाइप ताणला जात नाही हे हाताने पाहा.

प्रश्न: दोन कॉम्प्रेसर, ५ गॅलनची टाकी. फ्यूज सारखा उडतो. शिवाय वळणावर गाडी खूप कलते. (शिकागो)

उत्तर: दोन वेगळे दोष आहेत. एक कॉम्प्रेसर साधारण २० अँपिअर घेतो, दोन मिळून ४०. जुन्या सी-१० चा मूळ अल्टरनेटरच ४० अँपिअरच्या आसपासचा असतो. १०० चा घाला. प्रत्येक कॉम्प्रेसरला स्वतंत्र ४० अँपिअरचा रिले (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि बॅटरीजवळ स्वतंत्र ३० चा फ्यूज द्या. अर्थिंगची जागा रंग खरवडून चकचकीत करा. तरीही उडत असेल तर कॉम्प्रेसरच्या जाळीदार होजमधला चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) तपासा. तो अडकला की टाकीतला दाब पिस्टनवर बसतो आणि मोटार त्या ओझ्याखाली सुरूच होत नाही. ती होज काढून प्लॅस्टिकची नळी लावू नका, तिथली हवा तापलेली असते.

कलण्याचं कारण बहुधा असं, की पुढच्या दोन्ही बॅगा एकाच व्हॉल्व्हवर आहेत. वळताना बाहेरच्या बॅगेवर भार येतो, तिची हवा नळीतून आतल्या बॅगेत जाते आणि गाडी आणखी झुकते. चारही कोपऱ्यांना वेगळे व्हॉल्व्ह हवेत. काढलेला अँटी-रोल बारही परत बसवा.

तुमच्याकडच्या थंडीत टाकीच्या तळाचा ड्रेन दर आठवड्याला उघडा. हवेतून आलेलं पाणी व्हॉल्व्हमध्ये गोठतं.

प्रश्न: रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली असते. (टोरांटो)

उत्तर: साबणाचं पाणी ब्रशने लावा: आधी त्या कोपऱ्याच्या फिटिंगवर, मग व्हॉल्व्हवर, शेवटी बॅगेवर. नळी पक्कडने कापलेली असेल तर तिचं तोंड चपटं होतं आणि आतल्या ओ-रिंगवर नीट बसत नाही. नळीच्या कटरने काटकोनात कापून पुन्हा पूर्ण आत ढकला. आट्यांना सीलंट लावताना पहिले दोन आटे कोरडे ठेवा, नाहीतर सीलंटचा कण व्हॉल्व्हच्या गादीवर जाऊन बसतो आणि नवी गळती सुरू होते. बॅगेच्या घडीत घासल्याची चकाकी दिसली तर तिथे कशाचा तरी स्पर्श होतो आहे. बॅग बदलण्याआधी ते शोधा.

प्रश्न: आमच्याकडे जुनी टाटा २०७ आहे. हेच काम इथे करता येईल का? (नाशिक)

उत्तर: रस्त्यावर चालवायची असेल तर आमचा सल्ला ‘नको’ असाच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच कडकपणे सांगितलं. अमेरिकेतही सगळं मोकळं नव्हतं. कॅलिफोर्नियात गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमखाली आणण्यास १९५८ पासून बंदी होती, ती २०२४ च्या सुरुवातीला उठली. तुमच्या २०७ चे पाटे दबले असतील तर पाटेवाल्याकडून कमान भरून घ्या, मधले बुश आणि शॅकल पिना बदला. माल वाहणाऱ्या गाडीला तेच लागतं.