युरोपात गोदाम टाकायला नेदरलँड्सचं स्थान आणि वाहतूक खरंच फायद्याची आहे, की नुसती जाहिरात? (आमचा सोलापूरच्या टॉवेलांचा व्यवसाय आहे.)

तुम्ही टॉवेलवाले, मी निफाडचा द्राक्षवाला. पण प्रश्न वाचून राहवलं नाही.

जाहिरात खरी आहे. रॉटरडॅम हे युरोपातलं सगळ्यात मोठं बंदर, तेही ऱ्हाईनच्या मुखाशी. बार्जमधून, म्हणजे नदीतल्या सपाट मालवाहू बोटींतून, माल थेट जर्मनीत जातो. शिवाय 2007 पासून फक्त मालगाड्यांसाठी जर्मन हद्दीपर्यंत 160 किलोमीटरचा लोहमार्ग आहे. आता या सगळ्याचा फायदा कोणाच्या खिशात जातो, ते ऐका.

2024 चा हंगाम. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले चालू, म्हणून न्हावाशेव्याहून सुटलेलं आमचं जहाज सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेलं. दोन आठवडे जास्त. 13 टन थॉमसन जातीची द्राक्षं, तिथल्या आयातदाराला कमिशनवर विकायला दिलेली. मी पदरमोड करून तिकडे गेलो, तर दादा म्हणाला, "फिरायला चाललाय."

रॉटरडॅमजवळ बारेनड्रेख्तला शीतगृहात सकाळी सातला पहिला पॅलेट उघडला. मणी कडक, पण देठ वाळल्या काडीसारखा तपकिरी. सुपरमार्केटला देठ हिरवा लागतो. मी म्हटलं, आजच्या आज दुसरीकडे विका. जर्मनीची हद्द दोन तासांवर, उद्या पहाटे माल तिथल्या मंडईत उभा राहील. आयातदाराने मान डोलावली आणि आधी स्वतः विकत घेतलेला दक्षिण आफ्रिकेचा माल काढला. आमचा नऊ दिवस तिथेच पडून. मग पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली: शीतगृहाचं भाडं वजा, रिपॅकिंग वजा, कमिशन वजा. जहाजाचं भाडंसुद्धा सुटलं नाही.

दादा अजून म्हणतो, तांबड्या समुद्राने बुडवलं. चौदा दिवस समुद्राने खाल्ले, कबूल. पुढचे नऊ कोणी खाल्ले? तिथे आपली कंपनी असती, माल आपल्या ताब्यात असता, तर त्याच संध्याकाळी ट्रक भरला असता. 2019 पासून घसा कोरडा करतोय. दादाचं ठरलेलं उत्तर: "कमिशन परवडतं, ऑफिस परवडत नाही."

तेव्हा कमिशनवर माल देणार असाल तर कुठल्याही बंदरात उतरवा, सारखंच. स्वतःची कंपनी काढणार असाल तर नेदरलँड्सच घ्या आणि तिथल्या व्हॅट कायद्याच्या कलम 23 चा परवाना काढा, म्हणजे आयातीवरचा व्हॅट बंदरात रोख भरावा लागत नाही, विवरणपत्रात वळता होतो. कंपनी तिथली नसेल तर त्यासाठी स्थानिक कर-प्रतिनिधी नेमावा लागतो.

हां, टॉवेल नासत नाहीत, त्यामुळे तुम्हाला एवढी घाई नसेल. ऱ्हाईनच्या भरवशावरही फार राहू नका. 2018 आणि 2022 मध्ये पाणी इतकं उतरलं की बार्ज अर्धवट भरून चालवावे लागले. नवीन मोठ्या वीजजोडणीलाही तिथे बऱ्याच भागांत रांग आहे, गोदाम बघताना आधी ते विचारा.

आणि भागीदार सख्खा भाऊ असेल, तर तिकडे जाऊन कोण राहणार हे भाडेकरार करायच्या आधी स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या.