पहिलं चित्र टांगण्याआधी

खोली सजवायची म्हणून लगेच खरेदीला निघू नका. चित्रं, फुलदाण्या, दिवे असं घरात आहे तेवढं आधी एका टेबलावर मांडून बघा, सुरुवातीला बहुतेक वेळा तेच पुरतं.

सगळ्यात जास्त चुकते ती उंची. नवीन माणूस चित्र जवळजवळ नेहमीच फार वर टांगतो. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर यायला हवा. सोफ्याच्या वर लावणार असाल तर मात्र सोफ्याची पाठ आणि फ्रेमची खालची कड यांत १५ ते २० सेंटिमीटरच सोडा. त्याहून वर गेलं की चित्र भिंतीवर एकटं पडतं. खिळा ठोकण्याआधी फ्रेमच्या मापाचा कागद कापून भिंतीला चिकटवा आणि दिवसभर येता-जाता बघा. मी अजूनही असंच करते.

रंगासाठी दोनच गोष्टी:

- चित्रातला एक रंग उचला, कोपऱ्यातला छोटासा गडद निळासुद्धा चालेल. तो खोलीत आणखी दोन ठिकाणी आणा: एक उशी, एक फुलदाणी.
- तंतोतंत तीच छटा शोधत बसू नका. थोडी फिकी-गडद असली तर खोली जास्त जिवंत वाटते.

शेल्फवर सगळं एकाच उंचीचं नको. उंच दिवा, मध्यम कुंडी, आडवी ठेवलेली पुस्तकं. एका रांगेत नाही, थोडं मागेपुढे. आणि मधली जागा भरायचा मोह टाळा.

बऱ्याच फ्रेम एकत्र लावणं, प्रकाशयोजना वगैरे पुढे बघू. आधी एक भिंत सजवा आणि मला दाखवा.