कानात सतत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो, कारण काय असू शकतं?

बहुतेक वेळा वयामुळे किंवा मोठ्या आवाजामुळे ऐकण्याची शक्ती कमी झालेली असते, अनेकदा आपल्याला न कळताच. आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात केसांसारख्या टोकांच्या पेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. त्या एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. त्यांच्याकडून येणारे संदेश घटले की ती उणीव भरायला मेंदूच आवाज वाढवतो, असं मानलं जातं. म्हणूनच दिवसा गलक्यात काही जाणवत नाही आणि रात्री उशीला डोकं टेकलं की शिट्टी सुरू होते.

बाकी कारणांत सगळ्यात साधं म्हणजे कानात घट्ट बसलेला मळ. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्या. काडी घातली की उलट पडद्याकडे ढकलला जातो. शिवाय मधल्या कानाचा संसर्ग, जबड्याच्या सांध्याचं दुखणं, चक्कर आणि कानात दडे बसणं सोबत असेल तर मेनिएरचा आजार (आतल्या कानाचा एक विकार). जास्त डोसचं ॲस्पिरिन, जेंटामायसिन (प्रतिजैविक), सिस्प्लॅटिन (कर्करोगावरचं औषध) यांनीही असं होतं, पण औषध स्वतःहून बंद करू नका.

मात्र आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्यासारखा येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्याच. आणि अचानक ऐकू येणं कमी झालं असेल तर त्याच दिवशी जा; त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच जास्त उपयोगी पडतात.