१०८ मेगापिक्सेलचा फोन घ्यावा की ५० मेगापिक्सेलचा? कॅमेऱ्याची क्वालिटी दुकानात ओळखायची कशी?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बजेट २५ हजार, दुकानदार १०८ वाला गळ्यात मारतोय, भाऊ म्हणतो ५० वाला घे, आणि फोटो काढायचेत ते बहिणीच्या घरगुती मसाल्यांचे, ऑर्डरी घेण्यासाठी.

मी काही फोटोग्राफर नाही. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, शंभराच्या आसपास कलमं. पण मेगापिक्सेल हा शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं, आणि त्याला कारण आमचा मेहुणा.

हा मुंबईला असतो. दर मे महिन्यात येतो आणि एक वर्षाआड नवा फोन घेऊन येतो. २०२२ च्या मे मध्ये आला तो १०८ वाला घेऊन. बॅग पडवीत टाकली, पाणी प्यायला आणि माझा फोन उचलून उलटासुलटा केला. माझा १२ मेगापिक्सेलचा, तेव्हाच पाच वर्षांचा, मागे एकच डोळा. म्हणाला, "भावजी, हा डबा अजून वापरता? असल्या फोटोंवर कोण घेणार तुमच्या पेट्या?"

आता आमचं गणित असं की वाशीच्या घाऊक बाजारात माल पाठवणं आम्ही निम्म्यावर आणलंय. बाकीचा थेट गिऱ्हाइकाला. पुणे, ठाणे, नाशिक, सगळं व्हॉट्सॲपवर. त्यामुळे फोटो हेच आमचं दुकान. म्हटलं, काढ बाबा तू.

आढीतून (गवतात पिकत घातलेल्या आंब्यांच्या राशीतून) निघालेली पहिली तयार पेटी पडवीत मांडली होती, पाच डझनाची. याने फोन धरला तसं कोपऱ्यात काटा-चमच्याचं चिन्ह उमटलं. समोर खाण्याची वस्तू आहे हे म्हणे फोनला आपोआप कळलं. फोटो आला तो बघून घरातले सगळे खूश. आंबे कसे, तर लग्नातल्या फेट्यासारखे केशरी. ही तर म्हणालीच, "बघा, माझ्या भावाने काढलाय." मी गप्प बसलो आणि तोच फोटो सगळ्यांना धाडला.

संध्याकाळी पुण्याहून एका बाईंचा फोन. जुनं गिऱ्हाईक, दरवर्षी दोन पेट्या ठरलेल्या. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, "दादा, राग मानू नका, पण यंदा पावडर मारलीय का?"

पावडर म्हणजे कार्बाइड. त्याने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे ते सोडा, पण गवतात आढी लावून, रोज हात घालून आंबा तपासणाऱ्या माणसाला हे विचारणं म्हणजे काय, ते बागवाल्यालाच कळेल. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

फोन ठेवला आणि तो फोटो मोठा करून बघत बसलो. बाईंचं चुकलं नव्हतं. गवतात पिकलेला हापूस एकरंगी कधीच नसतो. देठाकडे हिरवट छटा राहते, एक गाल जास्त पिवळा असतो, सालीवर बारीक फिके ठिपके असतात, कुठेतरी चिकाचा ओघळ सुकून काळपट झालेला असतो. कार्बाइडचा मात्र चहूबाजूंनी सारखा पिवळा, रंगाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखा. मेहुण्याच्या फोटोत देठाचा हिरवा गेला होता, ठिपके गेले होते, चिकाचा डाग धुऊन निघाला होता. आंब्याखालच्या गवताची एक काडी दुसरीपासून वेगळी दिसत नव्हती, नुसता पिवळा लगदा. पावडर मारली होती, पण ती फोनने.

मग मी माझ्या डब्याने त्याच पेटीचा फोटो काढून बाईंना पाठवला. त्या म्हणाल्या, ही दुसरी पेटी दिसतेय. झालं. त्या वर्षी त्यांनी घेतल्या नाहीत. पुढच्या वर्षी घेतली, पण एकच.

मेहुण्याला सांगितलं तर "लाइट बरोबर नव्हता भावजी." आणि वर हे, की "१०८ म्हणजे तुमच्या फोनच्या नऊपट."

नऊपट हे खरं आहे, आणि गोम तिथेच आहे. पिक्सेल म्हणजे फोटोचा एक ठिपका, आणि मेगापिक्सेल म्हणजे असे दहा लाख. हे १०८ वाले फोन रोजच्या वापरात शेजारशेजारचे नऊ ठिपके (तीन-तीनच्या तीन रांगा) एकत्र करून एक बनवतात. १०८ भागिले ९, म्हणजे १२. फोटो हातात पडतो तो १२ मेगापिक्सेलचा, माझ्या डब्याएवढाच. ५० वाले चार ठिपक्यांचा एक करतात, म्हणजे साडेबारा. ठिपक्याचं माप बघितलंत तर आणखी मजा. या दरातल्या काही १०८ वाल्यांत एक ठिपका ०.७ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, तीन शेजारी धरले की २.१. काही ५० वाल्यांत तो १ मायक्रॉनचा, दोन धरले की २. तेव्हा तुमचा दुकानदार आणि तुमचा भाऊ एकाच मापाच्या चपलेवरून भांडताहेत. ज्यात हात हलला तरी भिंग सावरून धरणारी सोय आहे (ओआयएस लिहिलेलं असतं) तो घ्या. मागे 'मॅक्रो' आणि 'डेप्थ' म्हणून दोन-दोन मेगापिक्सेलचे डोळे लावलेले असतात, ते मोजूच नका. ती मोजदाद वाढवायला लावलेली बटणं आहेत.

बरं, एवढं करून तुम्ही फोटो पाठवणार व्हॉट्सॲपवर. ते साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलवर आणून टाकतं. दोन मेगापिक्सेलसुद्धा उरत नाहीत. २०२३ पासून एचडीची सोय आलीय, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर जसाच्या तसा जातो. पण तुमचं गिऱ्हाईक तो बघणार स्वयंपाकघरात उभं राहून, हाताएवढ्या काचेवर. तिथे १०८ गेले काय आणि ५० गेले काय.

मग फरक पडतो कशाने? फोन रंगाचं काय करतो याने. कॅमेऱ्यातला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा यांतला एकच रंग बघतो. उरलेले दोन शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरले जातात. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर नावाच्या माणसाची ही युक्ती, १९७६ साली तिचं पेटंट मिळालं, आणि आजही बहुतेक सगळे फोन त्याच पद्धतीने चालतात. थोडक्यात, फोटोतला दोन तृतीयांश रंग हा हिशोब करून भरलेला असतो. त्यावर फोन ठरवतो की उजेड कसला आहे. आमच्या पडवीत उजेड येतो तो लाल चिऱ्याच्या भिंतीवरून आणि पुढच्या केळीच्या पानांवरून आपटून, म्हणजे अर्धा तांबडा आणि अर्धा हिरवा. फोनने तो हिरवा काढून टाकायचा म्हणून काढला, त्याबरोबर देठाचा हिरवाही काढला. आणि वर काटा-चमचा दिसल्यावर केशराची आणखी एक चिमूट टाकली.

हे सगळं मी मेहुण्याला तेव्हा सांगू शकलो नाही, कारण मला माहीतच नव्हतं. पावसाळ्यात वाचून काढलं. पावसाचे चार महिने संध्याकाळी वेळच वेळ असतो.

पुढच्या मे मध्ये हा आला तेव्हा मी तयारीत होतो. एकच आंबा, एकच पाट, सकाळी साडेआठची वेळ, दोन्ही फोन. फोटो फोनच्या काचेवर बघायचे नाहीत ही माझी अट. त्याच्या फोनची काच 'व्हिविड'वर, म्हणजे रंग भडक दाखवण्यावर ठेवलेली, तिच्यावर माझ्या बनियनचा फोटोसुद्धा नवा दिसतो. दोन्हींचे फोटो वायरने शेजारच्या गुरुजींच्या लॅपटॉपवर घेतले आणि खरा आंबा लॅपटॉपच्या बाजूला ठेवला. गुरुजींना कुठला फोटो कुणाचा ते सांगितलं नव्हतं. त्यांनी आंबा उचलला, वास घेतला, दोन्ही फोटो बघितले आणि माझ्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "आंबो हो. तो दुसरो कॅलेंडरवरचो." म्हणजे, आंबा हा.

मेहुण्याने लगेच आपल्या फोनमधला एआय (तीच काटा-चमचा दाखवून रंग चढवणारी सोय) बंद करून पुन्हा फोटो काढला. तो खरोखर चांगला आला. देठ हिरवा, ठिपके जागच्या जागी, गवताची काडी न् काडी मोकळी. म्हणाला, "बघा, फोनचा दोष नव्हताच." मी म्हटलं, मग वर्षभर मला डबा कशाला म्हणत होतास? यावर त्याचं उत्तर अजून यायचंय.

तुमच्यासाठी कामाचं तेवढं सांगतो. दुकानात जाताना बहिणीकडून दोन पुड्या घेऊन जा. लाल तिखट आणि हळद. फोनसाठी कठीण वस्तू याच, आणि तुम्हाला फोटो यांचेच काढायचेत. दुकानातला फोन घ्या, आधी भिंग रुमालाने पुसा (शंभर जणांची बोटं लागलेली असतात), एआय आणि ब्युटी (चेहरा गुळगुळीत करणारी सोय) बंद करा, आणि पांढऱ्या कागदावर तिखटाचा ढीग करून फोटो काढा. मोठा करून बघा. कण वेगळे दिसले, ढिगाची उजेडाकडची आणि सावलीकडची बाजू निराळी लाल दिसली, तर फोन बरा. नुसता लाल चिखल दिसला तर दुसरा मागा. हळदीचंही तसंच. कागद पांढरा राहिला की पिवळा पडला तेही बघा. मग तोच ढीग काउंटरखाली अंधारात धरून पुन्हा काढा. दुकानदार वैतागेल. वैतागू दे, पैसे तुमचे आहेत. माणसाचा फोटो हवा असेल तर त्याच्या हाताचा फोटो काढा. मनगटावरची लव दिसत नसेल तर त्या फोनने तुमच्या आजीच्या सुरकुत्याही ठेवायच्या नाहीत असं आधीच ठरवलेलं आहे.

झूमच्या नादाला लागू नका. आमच्याकडे देवगडला पवनचक्क्या आहेत. समुद्रावरून मेहुण्याने एकीचा ३० पट झूमने फोटो काढला. पात्याच्या कडा अशा आल्या, जशा लहान पोराने ब्रशने रंगवाव्यात.

आणि तो इंटरनेटवरचा गुणांचा एकूण आकडा, अमुक फोनला कॅमेऱ्यात इतके गुण, त्याने मन बनवू नका. दिवसाचा फोटो, रात्रीचा, व्हिडिओ, झूम, सगळं एका टोपलीत घालून केलेली ती बेरीज असते. तुमच्या तिखटाचा त्यात हिशोब नाही.

आता जे मान्य करायला हवं ते करतो, नाहीतर हे वाचून मेहुणा फोन करेल. भर दुपारी, उन्हात, पूर्ण १०८ वर ठेवून त्याने आमच्या घराचा फोटो काढला, तो मोठा केल्यावर भिंतीच्या चिऱ्याची भोकंसुद्धा मोजता येत होती. माझ्या फोनला ते जन्मात जमणार नाही. पण त्याला ऊन लागतं, आणि एकेका फोटोची फाइल एवढी मोठी की त्यानेच दुसऱ्या दिवसापासून ते बंद ठेवलं. रात्रीही तोच जिंकला. जत्रेत दशावतार होता, तिथे माझ्या फोनमध्ये नुसती वाळू दिसत होती. त्याच्या नाइट मोडने रंगमंच उजळून दाखवला, मागचा पडदा स्वच्छ, बाजाची पेटी वाजवणारा स्वच्छ. फक्त युद्धाचा प्रसंग चालू होता आणि राजाच्या हातातली तलवार गायब झाली होती. तीन सेकंद फोन स्थिर धरून अनेक फोटो एकावर एक रचायचे म्हटल्यावर जो हलतो तो पुसला जाणारच. रिकामी मूठ उगारून उभा असलेला राजा अजून त्याच्या फोनमध्ये आहे.

शिवाय माझ्या डब्याचा रंग जरा फिका येतो हे खरंच आहे. मला तो आवडतो कारण गिऱ्हाइकाच्या हातात पेटी पडते तेव्हा आंबा फोटोपेक्षा उजवा निघतो. पहिल्याच नजरेला ऑर्डर हवी असेल तर तुमच्या बहिणीला कदाचित ते परवडणार नाही. तिने ठरवावं.

तुम्ही किनाऱ्याकडे राहत असाल तर अजून एक. खारी हवा भिंगावर बसते, डोळ्यांना दिसत नाही, पण फोटो धुरकट येतात. नवा फोन घ्यायच्या आधी जुन्याचं भिंग ओल्या सुती कापडाने पुसून बघा. हिच्या मावशीने याच कारणासाठी फोन बदलायला काढला होता.

परवा मेहुण्याचा मेसेज आला, या वेळी २०० मेगापिक्सेलचा घेतलाय. सोळाचा एक करतात त्यात, म्हणजे पुन्हा साडेबाराच. मी त्याला काही लिहिलं नाही. हिला मात्र सांगून ठेवलंय, भावाला ये म्हणावं, आंबे खा म्हणावं, पेटीचा फोटो मी काढणार.